रजिस्टरची पावती

१ सप्टेंबर २०२५ पासून टपाल खात्याने रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन केलं. भिलाईच्या सेक्टरांमध्ये राहणाऱ्या निवृत्त मंडळींना याची चुटपुट लागली आहे आणि तिला कारण आहे. पीएफचा तगादा असो की क्वार्टरचा वाद, ‘रजिस्टर ए.डी. करून टाका’ हाच इथला पहिला सल्ला.

इंग्रजी अमदानीत, १८५४ साली, देशभर एकच दर आणि तिकिटं आली. पत्र स्वस्त झालं, पण पेटीत पडलेल्या साध्या पत्राला साक्षीदार कोण? रजिस्टरच्या पत्राला खिडकीवर नंबर पडे, पाठवणाऱ्याला पावती मिळे आणि पुढे ते हातोहात नोंद होत जाई. शेवटची सही घेणाऱ्याची. तरीही धास्ती होतीच. नोटा पाठवायच्या तर लोक त्या मधोमध कापत. एक तुकडा पोचल्याचं कळलं की मगच दुसरा रवाना करत. धास्ती योग्यच होती, कारण १८९८ च्या पोस्ट ऑफिस कायद्यात टपाल हरवल्याची जबाबदारी सरकारने एरवी स्वतःवर घेतलेलीच नव्हती. भरपाई हवी असेल तर विमा वेगळा उतरवायचा.

मग रजिस्टरने दिलं काय? पुरावा. १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टचं २७वं कलम सांगतं की कायद्याने टपालाने बजावायचा कागद बरोबर पत्ता घालून, पैसे भरून रजिस्टरने पाठवला, तर उलट सिद्ध होईपर्यंत तो बजावला गेला असंच धरायचं. चेक न वटल्याच्या नोटिशीला आजही हेच कलम कामी येतं. परक्या सरकारच्या या कायद्याने साध्या माणसाच्या हातातल्या चिठोऱ्यालाही कोर्टात वजन दिलं, हे मला फार मोठं वाटतं.

म्हणूनच माझा आग्रह नावासाठी नाही. स्पीड पोस्टवर ५ रुपये अधिक जीएसटी भरून नोंदणी करता येते, म्हणजे टपाल त्याच माणसाच्या किंवा त्याने नेमलेल्याच्या हाती पडतं. ही सोय खिडकीवर आठवणीने मागा. काळजी आहे ती पावतीची. थर्मल कागदावरची अक्षरं काही महिन्यांत पुसट होतात आणि दावे वर्षानुवर्षं चालतात. खात्याने टिकाऊ पावती द्यायलाच हवी. तोवर त्याच दिवशी झेरॉक्स काढा आणि पोचल्याची नोंद वेबसाइटवरून छापून तिला टाचून ठेवा.