फेफरें आणि भगताची दलाली

भिवंडीलगतच्या आमच्या शेलारांत माग चालतात, घरोघर मोबाईल आले. पण रस्त्यांत कोणाला फेफरें आलें कीं पहिला हात अजून पायांतल्या जोड्याकडे जातो! कोणी जोडा हुंगवितो, कोणी कांदा फोडतो, कोणी दांतांत चमचा कोंबतो. जोड्याकांद्यानें कांहींच होत नाहीं. चमच्यानें मात्र दांत पडतात.

फेफरें म्हणजे मेंदूंतील विजेच्या संदेशांचा क्षणिक गोंधळ. तें लागट नाहीं, वेड नाहीं, पूर्वजन्मींचें पापही नाहीं. जगांत सुमारें ५ कोटी लोकांना हा आजार आहे. जागतिक आरोग्य संघटना सांगते कीं, योग्य औषध मिळाल्यास शंभरांतील सत्तरांचे झटके थांबूं शकतात. मग गरिबाच्या पोरानें भगताच्या अंगाऱ्यावर वर्षानुवर्षें कां झुरावें? भूत उतरविण्याच्या नांवाखालीं मारणें, मिरचीची धुरी देणें, जोड्याचें पाणी पाजणें हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानें गुन्हा आहे.

झटका आला तर घड्याळ पाहावें, टणक वस्तु दूर साराव्या, डोक्याखालीं मऊ कापड द्यावें व माणसाला कुशीवर वळवावें. हातपाय दाबूं नयेत, तोंडांत कांहीं घालूं नये. पांच मिनिटें उलटलीं किंवा शुद्धीवर येण्याआधीं पुन्हा झटका आला तर १०८ ला फोन करावा. गोळ्या आपल्या मनानें बंद करूं नयेत.

लोक आजार लपवितात, अशी मागवाल्यांची तक्रार असते. पण सांगितलें कीं काम जातें, शाळा सुटते, मुलीचें लग्न मोडतें. मग सांगेल कोण? आणि न सांगितल्यामुळें चालत्या मागाशेजारीं झटका आला तर सावरणाराही कोणी नसतो. म्हणजे लपविण्याचा दोष आजाऱ्याचा नव्हे, आमच्या भीतीचा आहे. हिंदु विवाह कायद्यांत १९७६ सालीं घातलेली फेफऱ्याची अडचण १९९९ सालीं काढून टाकली. कायदा शहाणा झाला. आम्ही केव्हां होणार?

मालकांनीं अशा माणसाला घरीं न बसवितां तागे मोजण्याचें, घडी घालण्याचें काम द्यावें. शिक्षकांनीं साऱ्या वर्गाला झटक्याची माहिती द्यावी. जोतीरावांनीं २४ सप्टेंबर १८७३ रोजीं सत्यशोधक समाज स्थापिला, तो देव आणि माणूस यांमधला दलाल हटविण्यासाठीं. आजारी आणि दवाखाना यांमधला दलाल हटविणें हें आतां आमचें काम आहे.