पाव गोळीचा हिशेब

माझ्या लहानपणी गोचीड हा प्रश्न वाटीभर रॉकेलने सुटत असे. आजोळी संध्याकाळी गोठ्यातली कामं आवरली की आजी पडवीत बसायची, कुत्र्याला पुढ्यात घ्यायची आणि त्याच्या कानामागे, पंजाच्या बोटांमध्ये, शेपटीच्या बुडाशी चाचपत एकेक गोचीड उपटून शेजारच्या वाटीत टाकायची. कुत्रंही डोळे मिटून, मान वाकडी करून ही सेवा करून घ्यायचं. फारच झाल्या तर गुरांसाठी आणलेली गॅमेक्सिनची पावडर त्याच्या अंगाला चोळायची. ती पावडर किती विषारी आहे हे आजीला ठाऊक नव्हतं आणि ती विकणाऱ्या दुकानदारालाही नसावं. कुत्रं जगलं तर जगलं. मेलं तर ‘काहीतरी खाल्लं असेल’ असं म्हणून परसात खड्डा खणला जाई आणि चार महिन्यांत दुसरं पिल्लू येई.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे आमच्या घरात दर महिन्याला येणारी एक तपकिरी, चघळायची गोळी. नातीने हट्टाने आणलेली आणि मुलाची बंगळूरला बदली झाल्यावर आमच्या पदरात पडलेली सोनी नावाची पामेरियन कुत्री आमच्याकडे असते. वजन पाच किलो. ही गोळी तिच्या पोटात गेली की महिनाभर तिला चावणारी पिसू आणि गोचीड मरते. गोळीला मांसाचा वास येतो. आमचं घर शाकाहारी. त्यामुळे सौ. ती चिमट्याने उचलते, सोनीपुढे ठेवते आणि नंतर चिमटा दोनदा घासते. सोनी मात्र सणाचं पक्वान्न असावं तशी ती चावून खाते.

अडचण वासाची नव्हती, किमतीची होती. पस्तीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाला आकडा दिसला की तो कशाने भागता येईल हेच आधी सुचतं. या गोळ्या कुत्र्याच्या वजनाप्रमाणे वेगवेगळ्या येतात. सोनीच्या, म्हणजे चार ते दहा किलोच्या गटातल्या गोळीत औषध असतं २८.३ मिलिग्रॅम. आमच्या खालच्या मजल्यावर एक बत्तीस किलोचा लॅब्रॅडोर आहे. त्याच्या, म्हणजे पंचवीस ते पन्नास किलोच्या गटातल्या गोळीत असतं १३६. मोठ्या गोळीची किंमत छोटीच्या चौपट मुळीच नसते. १३६ भागिले ४ बरोबर ३४. म्हणजे मोठ्या गोळीचे चार तुकडे केले तर प्रत्येकात सोनीच्या गरजेपेक्षा थोडं जास्तच औषध, आणि एका गोळीत चार महिने निघाले! आयुष्यभर दुसऱ्यांच्या कर्जाचे हप्ते पाडून दिले, आता कुत्रीच्या औषधाचेही पाडले, म्हणून मी स्वतःवर खूश होतो.

चारही तुकडे सारखे कधीच झाले नाहीत. सुरी लावली की कडेचा भुगा व्हायचा. तो मी चमच्याने गोळा करून अंदाजाने वाटून टाकायचो. उरलेले तुकडे कपाटातल्या एका डबीत पडून असायचे आणि दिवसेंदिवस वाळत जायचे. त्यातला एक सोनीने चघळून थुंकला होता, हे दिवाळीच्या साफसफाईत सोफ्याखाली तो सापडल्यावर कळलं. पुढे डिसेंबर आणि जानेवारीत मी गोळी दिलीच नाही. थंडीत एकही गोचीड दिसली नव्हती. जे दिसत नाही त्यावर खर्च कशाला करायचा?

मार्चच्या पहिल्या आठवड्यात सोनीने खाणं सोडलं. आम्ही उन्हाला दोष दिला, दहीभात कालवून दिला. ती फडताळाखाली अंग चोरून बसून राहू लागली. चौथ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरातल्या पांढऱ्या फरशीवर रक्ताचे दोन थेंब दिसले. ते तिच्या नाकातून आले होते.

डॉक्टरांनी तिचा ओठ वर करून हिरड्या पाहिल्या. त्या पांढऱ्या पडल्या होत्या. रक्त तपासलं, तर प्लेटलेट्स फार खाली गेलेल्या. निदान झालं गोचीडतापाचं. डॉक्टरी भाषेत अर्लिकिया. ‘शेवटची गोळी कधी दिली होती?’ असं त्यांनी विचारलं तेव्हा मी माझी सगळी आकडेमोड त्यांना समजावून सांगितली. त्यांनी ती शांतपणे ऐकली. मग म्हणाले, ‘काका, भागाकार बरोबर आहे. पण औषध गोळीच्या प्रत्येक कोपऱ्यात सारखंच असतं, असं तुम्हाला कुणी सांगितलं? तोडू नका म्हणून पाकिटातल्या कागदावर छापलेलं असतं. आणि डिसेंबर-जानेवारीचं काय?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं.

चार आठवडे डॉक्सिसायक्लिन चाललं. सोनी वाचली. पाव गोळीमुळेच हे झालं असं मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. कदाचित त्या चुकवलेल्या दोन महिन्यांमुळे झालं असेल. कदाचित पूर्ण गोळी देऊनही झालं असतं. पण ते दोन थेंब डोळ्यांपुढून जात नाहीत. त्यानंतर या विषयावर जे वाचलं, डॉक्टरांना विचारलं, ते लहान कुत्री पाळणाऱ्या घरांपुढे मांडावं असं वाटतं.

पहिली गोष्ट लहान अंगाची. कुत्र्याच्या शरीरात किलोमागे साधारण ८० ते ९० मिलिलिटर रक्त असतं. म्हणजे पाच किलोच्या सोनीच्या अंगात सगळं मिळून रक्त किती, तर सकाळी दारात येते त्या अर्ध्या लिटरच्या दुधाच्या पिशवीपेक्षा कमी. पन्नास गोचिडी लॅब्रॅडोरला लागणं आणि पामेरियनला लागणं यात केवढा फरक पडतो, हे त्यावरून लक्षात येईल. त्यातून पामेरियन, ल्हासा, शित्झू यांच्या दाट केसांत गोचीड लपली की दिसत नाही. आणि ही कुत्री आपल्या गादीवर, सोफ्यावर, नातवंडांच्या मांडीवर असतात.

दुसरी गोष्ट या गोळीच्या कामाची. जुनी औषधं कुत्र्याच्या अंगावर असत: पावडर, पट्टा, औषधी पाण्याची आंघोळ, मानेवर टाकायचे थेंब. ही गोळी रक्तात जाते. आपल्या संतांच्या दृष्टान्तात गोचीड येते ती दुधाने भरलेल्या सडाला चिकटूनही रक्तच पिणारी म्हणून. तिच्या नेमक्या याच खोडीचा या औषधाने फायदा घेतला आहे. प्राण्यांच्या मज्जासंस्थेत ‘आता थांब’ असा निरोप पोचवणारी दारं असतात. हे औषध कीटक आणि गोचिडी यांच्या शरीरातली ती दारं बंद करून टाकतं. थांबण्याचा निरोप न मिळाल्याने त्यांच्या नसा उत्तेजित होत जातात आणि त्या मरतात. कुत्र्याच्या शरीरातली दारं वेगळ्या घडणीची असल्याने त्यांच्यावर या औषधाचा जोर फार कमी चालतो. आयसॉक्सॅझोलिन या गटातली ही औषधं अमेरिकेत २०१३ सालापासून बाजारात आली. अ‍ॅफॉक्सोलॅनर, सॅरोलॅनर, लोटिलॅनर या महिन्याला द्यायच्या गोळ्या. फ्लुरालॅनरची गोळी साधारण बारा आठवडे पुरते. आंघोळीने किंवा पावसाने ती धुऊन जात नाही आणि कुत्र्याला कुरवाळणाऱ्या मुलांच्या हाताला औषध लागत नाही. ज्या घरात लहान मुलं आहेत तिथे हा फायदा मोठा आहे.

पण गोळी दिली की गोचीड जवळच येत नाही, अशी पुष्कळांची समजूत असते. तसं नाही. ती चावते, रक्त पिते आणि मग मरते. पिसवा काही तासांत मरतात, गोचिडीला एक-दोन दिवसही लागू शकतात. म्हणून गोळी चालू असताना अंगावर एखादी गोचीड दिसली तर औषध खोटं, असं समजू नये. आणि रोगाचा धोका गोळीने पुष्कळ कमी होतो, पुरता संपत नाही, हेही मनाशी असू द्यावं.

आता माझ्या थंडीतल्या काटकसरीविषयी. आपल्याकडच्या कुत्र्यांवर मुख्यतः आढळते ती तपकिरी गोचीड. ती आयुष्यात तीनदा कुत्र्याला लागते आणि प्रत्येक वेळी पोट भरलं की खाली उतरते. शेवटी टच्च फुगलेली मादी भिंतीवर चढून एखाद्या फटीत, दाराच्या चौकटीमागे, छताच्या कोपऱ्यात हजारो अंडी घालते. पूर्ण वाढलेली गोचीड काही न खाता महिनोन्‌महिने तग धरू शकते. तेव्हा सोनीच्या अंगावर काही दिसत नव्हतं त्या दिवसांत सगळं माझ्या घराच्या भिंतीत असणार. पिसवांचंही तेच. अंगावर दिसतात त्या थोड्या. त्यांची अंडी, अळ्या, कोश सतरंजीत आणि गादीच्या शिवणीत. आपल्या हवेत हे बाराही महिने चालतं. म्हणूनच गोळी तारखेला द्यायची असते, गोचीड दिसल्यावर नव्हे. विम्याचा हप्ता घर जळाल्यावर भरणाऱ्या ग्राहकाला मी काउंटरवरून काय सुनावलं असतं, ते मला पक्कं माहीत आहे.

हा आजार शहरी चोचल्यांतून आला, असंही कुणी समजू नये. गोचिडीतून पसरणारा एक रक्तातला परजीवी १९१० साली आपल्याच देशात, मद्रासमधल्या शिकारी कुत्र्यांच्या रक्तात प्रथम सापडला. बाबेसिया गिब्सोनी हे त्याचं नाव. सोनीला झालेल्या रोगाचं वर्णन १९३५ साली अल्जीरियात झालं आणि व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकी लष्कराची तगडी जर्मन शेफर्ड कुत्री त्याने गेली. आजोळच्या परसातल्या त्या खड्ड्यांत ‘काहीतरी खाल्लं’ म्हणून पुरलेल्यांपैकी कितीजणांना खरं म्हणजे कुणीतरी पिऊन टाकलं होतं, असा विचार आता मनात येतो.

‘पण रक्तात विष घालायचं?’ असं आमच्या ओळखीतले पुष्कळजण विचारतात. प्रश्न रास्त आहे. सप्टेंबर २०१८ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या गटातल्या औषधांबद्दल सूचना काढली, की काही जनावरांना थरथर, तोल जाणं, फिट येणं असे त्रास होऊ शकतात. औषधं बाजारातून काढली नाहीत. बहुसंख्य जनावरांना ती चालतात. मात्र ज्या कुत्र्याला पूर्वी कधी फिट आली असेल त्याच्या मालकाने ते डॉक्टरांना आधी सांगितलंच पाहिजे. फार लहान पिल्लू, दोन किलोच्या आतबाहेरचं कुत्रं, गाभण कुत्री, यांच्या बाबतीतही स्वतःच्या अकलेने गोळी देऊ नये. वजन अंदाजाने सांगू नये, काट्यावर करावं. सोनी साडेतीन किलोची होती तेव्हा तिचा गट वेगळा होता. पिल्लू वाढतं, गोळी बदलते.

जे रक्तातल्या विषाला भितात तेच घरच्या उपायांवर डोळे मिटून विश्वास ठेवतात, याची मात्र गंमत वाटते. लसूण खाऊ घातली की पिसवा पळतात म्हणे. लसूण आणि कांदा कुत्र्याच्या तांबड्या पेशींची नासधूस करतात. पाच किलोच्या कुत्र्याला ती चैन परवडणारी नाही. कडुनिंबाच्या पाल्याने आंघोळ जरूर घालावी, पण तिच्या भरवशावर गोचीडताप टळेल असं मानू नये. घरात मांजर असेल तर कुत्र्याचे मानेवरचे थेंब किंवा फवारे आणताना जास्तच जपावं. त्यांतलं परमेथ्रिन मांजराच्या जिवावर बेततं.

राहिला पैशाचा प्रश्न. गोळी महाग आहे, हे मी नाकारत नाही. आमच्या दोघांच्या आठवड्याच्या भाजीचे पैसे एका गोळीत जातात. पण सोनीच्या रक्ताच्या तपासण्या, सलाइन, इंजेक्शनं आणि महिनाभराचं औषध यांचा हिशेब मी नंतर वहीत मांडला, तेव्हा तेवढ्यात तिच्या गोळ्या दोन वर्षं आल्या असत्या. ज्याला हा खर्च झेपत नाही त्याने डॉक्टरांना तसं मोकळेपणाने सांगावं. थेंब आहेत, पट्टे आहेत, काही ना काही मार्ग निघतो. पाव गोळी हा मार्ग नव्हे. आणि आमच्या सोसायटीच्या फाटकाशी बसणाऱ्या दोन भटक्या कुत्र्यांसाठी आता डॉक्टरांच्या सल्ल्याने आम्ही सहा घरं मिळून वर्गणी काढतो. तो दानधर्म नाही. त्यांच्या अंगावरून उतरलेली गोचीड आमच्याच जिन्याने वर येते.

आता दर महिन्याच्या पाच तारखेला सोनीला तिच्या वजनाची अख्खी गोळी मिळते. ती पूर्ण गिळेपर्यंत मी समोरून उठत नाही. कॅलेंडरवर सौ. फुली मारते.

एवढं झाल्यावर रोज संध्याकाळी मी सोनीला घेऊन गॅलरीत बसतो आणि कानामागे, पंजाच्या बोटांमध्ये, शेपटीच्या बुडाशी चाचपतो. गोळी चालू असताना याची काय गरज, असं मुलगा फोनवर विचारतो. गोळी सुरू केल्यापासून मी सोनीच्या अंगावरून हात फिरवणंच सोडून दिलं होतं, हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही. फिरवला असता, तर ते थेंब फरशीवर पडण्याआधीच काही कळलं असतं. सोनी डोळे मिटून मान वाकडी करते. शेजारी वाटी ठेवलेली असते. बहुतेक दिवशी ती रिकामीच आत जाते.