शेजारच्या मेक्सिकन ताई



आमच्या बालाघाटात आता एका कॅफेच्या मेन्यूवर 'मेक्सिकन' असा वेगळा भाग आला आहे. टाको आहे, नाचोज आहेत आणि 'मेक्सिकन सिझलर' नावाचा धुराचा एक लोट आहे. चव वाईट नाही. कुरकुरीत कवचात राजमा, वर टोमॅटो सॉस, मेयोनीज आणि भरपूर चीज. भाच्याने दोन टाको संपवले आणि विचारलं, "मामा, तिकडे पण असंच मिळतं का?"

तिकडे म्हणजे सॅन होजेला. कॅलिफोर्नियातल्या त्या शहरात मी सहा वर्षं नोकरी केली. आता तशाच प्रकारचं काम बालाघाटच्या घरून करतो, वीज असली तर. भाच्याला तेव्हा "नाही रे, वेगळं असतं" एवढंच सांगितलं, कारण त्याचं लक्ष तिसऱ्या टाकोकडे होतं. काय वेगळं असतं ते इथे जरा सविस्तर लिहितो.

आमच्या फ्लॅटपासून चालत पाच मिनिटांवर एक मेक्सिकन खाणावळ होती. मुद्दाम खाणावळच म्हणतो. सात टेबलं, भिंतीवर टीव्ही, त्यावर कायम फुटबॉल. एका कुटुंबाचं दुकान. गल्ल्यावर मुलगी, आत तव्यापाशी तिची आई. तिथला टाको म्हणजे तळहाताएवढी मऊ मक्याची पोळी, वर भाजी किंवा मांस, चिरलेला कांदा, सांबार आणि लिंबू. (पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी: आमच्या भागात कोथिंबिरीला सांबार म्हणतात. डोसा मनात आणू नये.) नाचोज तिथे मिळतच नसत. तो पदार्थ १९४० च्या दशकात अमेरिकेच्या सीमेला लागून असलेल्या पिएद्रास नेग्रास गावात इग्नासिओ अनाया नावाच्या माणसाने ऐनवेळी जमवला असं सांगतात. इग्नासिओचं लाडकं रूप नाचो, म्हणून नाचोज.

अमेरिकेत गेलेली आपली मंडळी पहिल्या महिन्यातच म्हणू लागतात, "मेक्सिकन जेवण अगदी आपल्यासारखं!" पोळी आहे, भात आहे, उसळ आहे, ठेचा आहे. हे निम्मं खरं आहे. उरलेलं निम्मं आम्हाला कळलं ते आई आली तेव्हा.

आई सहा महिन्यांच्या व्हिसावर आली. धानाचा हंगाम तोंडावर होता म्हणून बाबा आले नाहीत. आई पक्की शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. आम्ही दोघं सकाळी कामावर गेलो की संध्याकाळपर्यंत ती चार भिंतींत एकटी. ज्यांचे आईवडील तिकडे जाऊन आले आहेत त्यांना हे सांगायला नको. रस्त्यावर माणूस दिसत नाही, गाडी चालवता येत नाही, शेजारी हसून हात हलवतात आणि दार लावून घेतात. दुसऱ्या आठवड्यात आई म्हणाली, "दिवसभर स्वतःचाच आवाज ऐकून कंटाळा आला रे."

त्या शनिवारी तिला खाणावळीत घेऊन गेलो. उसळ आणि भात मागवणार, तेवढ्यात आईने विचारलं, "यात काही नाही ना रे?" मी गल्ल्यावरच्या मुलीला विचारलं. तिने आत हाक मारली. ताई स्वतः बाहेर आल्या, आईच्या कपाळावरचं कुंकू पाहिलं आणि उसळीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "मांतेका." म्हणजे डुकराची चरबी. मग भाताकडे बोट दाखवून "पोयो." कोंबडीच्या पाण्यात शिजवलेला भात. दोन्हीला मान हलवून नको नको केलं, आत गेल्या आणि वेगळं ताट घेऊन आल्या. मक्याच्या पोळ्या, भांड्यातून थेट काढलेली काळ्या घेवड्याची पातळ उसळ, भाजलेल्या मिरच्यांच्या लांब फोडी आणि एक हिरवी, जराशी बुळबुळीत भाजी.

इथे थोडं कामाचं सांगून घेतो, कारण पुष्कळ शाकाहारी घरांना याचा पत्ता नसतो. मेक्सिकन हॉटेलात घोटून परतलेली उसळ पुष्कळदा चरबीत परततात. तांबूस भात बहुतेक वेळा कोंबडीच्या रश्शात शिजतो. तामाले नावाचे जे उकडलेले मक्याचे उंडे असतात, त्यांच्या पिठात चरबी मळलेली असते, मग आत नुसतं चीज का असेना. गव्हाच्या पोळीतही ती असू शकते. काही चीज वासराच्या जठरातल्या रेनेटने जमवलेलं असतं. निर्धास्त खावी ती मक्याची पोळी, कारण तिच्यात मका, चुना आणि पाणी एवढंच असतं. आणि मागावी ती 'फ्रिहोलेस दे ला ओया', म्हणजे भांड्यातली साधी उकडलेली उसळ, तीसुद्धा विचारूनच. 'व्हेजिटेरियन' हा शब्द तिथे पुरत नाही. आपण ज्याला व्हेज म्हणतो त्यात चरबी नसते हे समोरच्याने का म्हणून ओळखावं? मोठ्या साखळी हॉटेलांत मेन्यूवर हिरवं पान छापलेलं असतं, पण तव्यापाशी कोण आहे ते दिसत नाही. म्हणून मला छोटी दुकानं बरी वाटतात.

ती बुळबुळीत भाजी आईने भेंडीसारखी समजून खाल्ली. नंतर कळलं की ती निवडुंगाची. 'नोपाल' म्हणजे आपला फड्या निवडुंग, काटे खरवडून चिरलेला. आपल्या बांधावर तो कुंपण म्हणून उभा असतो आणि तोही मुळात अमेरिका खंडातूनच आला. आई घरी येईपर्यंत हसत होती. "आपण ज्याच्याने गुरं अडवतो, ते हे लोक फोडणीला टाकतात!"

सोमवारपासून आई एकटीच तिथे जायला लागली. दुपारी तीनला, गर्दी ओसरल्यावर. आईला मराठी आणि हिंदी येतं, त्या ताईंना फक्त स्पॅनिश. दोघींनाही इंग्रजी येत नव्हतं, आणि मला तो फायदाच वाटला, कमीपणा कुणाकडेच नव्हता. बोलणं चालायचं ते वस्तू दाखवून. लाल सरबताचा पेला पुढे आला तेव्हा आईने वास घेतला आणि म्हणाली, "अंबाडी!" बरोबर होतं. 'हमायका' नावाचं ते पेय लाल अंबाडीच्या फुलांच्या पाकळ्यांसारख्या जाड बोंडांचं असतं. दुसऱ्या दिवशी दालचिनी घातलेलं पांढरं पेय मिळालं, 'ओर्चाता', भिजवून वाटलेल्या तांदळाचं. बालाघाट म्हणजे चिन्नोरचा जिल्हा, २०२१ मध्ये आमच्या या तांदळाला भौगोलिक मानांकन मिळालं. तांदूळ पिण्यासाठी वापरतात आणि त्यात गूळ नाही, याचं आईला वाईट वाटलं.

पण खरी गट्टी जमली ती चुन्यावरून. ताई मक्याचे दाणे चुन्याच्या पाण्यात उकळून रात्रभर तसेच ठेवत. सकाळी चोळून धुतले की साल निघून जाते आणि मग ते दाणे ओले दळायचे. याला 'निश्तामाल' म्हणतात आणि ही रीत हजारो वर्षांची आहे. आपली मक्याची भाकरी थापताना कडेला फाटते, गरम पाणी घेतलं तरी फाटते. चुन्यातून निघालेल्या मक्याचं पीठ चिकट होतं, म्हणून त्यांची पोळी दुमडली तरी तुटत नाही. शिवाय चुन्यामुळे मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व अंगी लागतं. स्पेनवाल्यांनी मका युरोपात नेला पण चुन्याची युक्ती मागेच राहिली, आणि पुढे इटलीत आणि अमेरिकेच्या दक्षिण भागात मक्यावर जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा नावाचा रोग झाला. दाणा घेतला, स्वयंपाकिणीला विचारलं नाही. आईने हे सगळं माझ्याकडून ऐकलं आणि म्हणाली, "चुना ना, पानवाल्याकडचा? मग आपल्याकडे काय कमी आहे?"

ऑगस्टमध्ये एके दिवशी दुकान बंद. दाराला कागद. आई परत आली, दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली. तेव्हा उघडं होतं पण ताई तव्यापाशी नव्हत्या, मागच्या टेबलावर बसून होत्या. मुलीने मला संध्याकाळी सांगितलं. मिचोआकान राज्यातल्या गावी ताईंची आई वारली होती. ताई अठरा वर्षांत गावी गेल्या नव्हत्या. कागदपत्रं नाहीत, गेल्या तर परत येणं कठीण, आणि इकडे मुलं, नातवंडं, दुकान. अंत्यविधी त्यांनी फोनवर पाहिला. मधेच नेटवर्क गेलं.

मी हे आईला सांगितलं तेव्हा ती काही बोलली नाही. सकाळी साडेसहाला मिक्सरच्या आवाजाने जाग आली. आईने पिठलं केलं होतं, भात केला होता. आपल्याकडे कुणाकडे दुःख झालं की शेजारच्या घरून कडू घास जातो, त्या घरात चूल पेटवायची नाही. मी म्हटलं, "आई, ते हॉटेल आहे. तिथे दिवसभर चूल पेटलेलीच असते."

"तिच्यासाठी कुणी पेटवली का?" आई म्हणाली.

डबा घेऊन आम्ही गेलो. हॉटेलात बाहेरचं अन्न नेऊ नये असा कागद त्यांच्याही दारावर होता. आईने तो वाचला असता तरी गेली असती. तिने डबा उघडून ताईंच्या पुढे ठेवला आणि शेजारी बसली. ताईंनी पिठलं पोळीत भरून खाल्लं, त्यांच्या पद्धतीने, वर लिंबू पिळून. मग रडल्या, मग पुन्हा खाल्लं. आई मराठीत बोलत होती. "खा, खा. आधी खाऊन घे." गल्ल्यावरची मुलगी माझ्याकडे बघत होती. मी भाषांतर केलं नाही, तिनेही विचारलं नाही.

आईला सहा महिन्यांचा शिक्का विमानतळावर मिळाला होता आणि परतीचं तिकीट कपाटात होतं. तोवर आमच्या घरात व्हिसा म्हणजे तक्रारीचा विषय होता: मुलाखतीची तारीख, ग्रीन कार्डची रांग. त्यानंतर मी ती तक्रार निदान त्या दुकानात केली नाही. भारतात परत यायचं की नाही यावर आमचं दोन वर्षं चालू होतं, ते त्या हिवाळ्यात ठरलं. एकाच कारणाने असे निर्णय होत नाहीत, पण फोनवर पाहिलेला तो अंत्यविधी माझ्या हिशेबात होता हे खरं.

जाता जाता आपल्याच एका माणसाची आठवण करून देतो. पांडुरंग सदाशिव खानखोजे, जन्म १८८४, वर्ध्याचे. १९५६ पर्यंत वर्धा, नागपूर आणि आमचा बालाघाट एकाच प्रांतात होते, तेव्हा त्यांना आम्ही आमचेच म्हणतो. तरुणपणी देश सोडला, गदर चळवळीत गेले, ब्रिटिशांच्या नजरेत गुन्हेगार ठरले आणि स्वातंत्र्य मिळेपर्यंत उघडपणे घरी येणं शक्य राहिलं नाही. पोटाला आधार दिला मेक्सिकोने. चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी शाळेत ते प्राध्यापक झाले, मक्याच्या सुधारित जातींवर काम केलं, शेतकऱ्यांसाठी मोफत कृषी शाळा काढल्या. दिएगो रिवेरा या चित्रकाराने मेक्सिको सिटीत शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर भाकरी वाटून घेणाऱ्यांचं चित्र काढलं, त्यात टेबलाच्या मध्यभागी खानखोजे आहेत. उतारवयात ते नागपूरला परतले आणि १९६७ मध्ये तिथेच वारले. हे मी ताईंच्या मुलीला फोनवर चित्र दाखवून सांगितलं. तिने आईला हाक मारली. ताईंनी चित्र निरखलं, मग माझ्या आईकडे बोट दाखवून काहीतरी विचारलं. मुलगी म्हणाली, "ती विचारते, हे तुमच्या नात्यातले का?" आईने क्षणभर विचार केला आणि मान हो अशी हलवली.

आता बालाघाटचं. गेल्या महिन्यात आम्ही घरी निश्तामाल करून पाहिला. बैहरकडे आदिवासी घरांच्या बाडीत मका असतो, तसला गावठी मका बाजारातून आणला. एक किलो मक्याला साधारण दहा ग्रॅम खाण्याचा चुना आणि तीन लिटर पाणी. भिंतीचा चुना चालणार नाही, आणि भांडं ॲल्युमिनियमचं नको, स्टीलचं घ्या. पाऊण तास उकळून झाकून ठेवलं, सकाळी चोळून चार पाणी धुतलं. साल छान सुटली. दळताना मात्र मिक्सर गरम होऊन बंद पडला, तेव्हा आईने माळ्यावरचा पाटा-वरवंटा काढायला लावला. पोळ्या जाड झाल्या, आकार छत्तीसगडच्या नकाशासारखा, पण दुमडल्यावर एकही तुटली नाही. बाबांनी भेदराच्या चटणीशी चार खाल्ल्या. भाच्याने एक खाल्ली आणि चीज कुठे आहे ते विचारलं.

आईचं म्हणणं, चुना अजून थोडा कमी हवा. ताईंच्या मुलीला मेसेज केला आहे. उत्तर आलं: दाण्याची साल दोन बोटांत सरकली की गॅस बंद करा, घड्याळ बघू नका. पुढचा घाणा येत्या रविवारी.