खाली पडलेला कोण?

शाळांच्या क्रीडास्पर्धा सुरू झाल्या की घराघरांतले मोबाइलही मैदानात उतरतात. शेकडो फोटो निघतात, पण पुन्हा उघडून पाहावा असा एखादाही सापडत नाही. पाठमोरी मुले, मागे मंडपाचे खांब, कोपऱ्यात कुणाची तरी स्कूटर. वाचकहो, खेळाचा फोटो मनात का रुतून बसतो हे समजून घ्यायचे असेल, तर आम्ही एकच फोटो नीट पाहायला सांगू.

25 मे 1965. अमेरिकेच्या मेन राज्यातले लुईस्टन गाव. मुहम्मद अली आणि सॉनी लिस्टन यांची दुसरी लढत. अलींनी आपले नवे नाव जाहीर करून वर्ष उलटले होते, तरी बरीच वर्तमानपत्रे अजून जुनेच नाव छापत होती. पहिल्याच फेरीत, दोन मिनिटे व्हायच्या आत, लिस्टन आडवे झाले. ठोसा इतका आखूड की समोर बसलेल्या अनेकांना तो दिसलाच नाही.

रिंगणाच्या कडेला बसलेल्या 22 वर्षांच्या नील लायफर या छायाचित्रकाराने बटण दाबले ते त्यानंतर. गंमत पाहा, या जगप्रसिद्ध फोटोत ठोसा नाहीच! अली उभे आहेत, उजवा हात छातीसमोर वळलेला, तोंड उघडे. पायाशी लिस्टन उताणे, हात डोक्यामागे पसरलेले. अली विजयाची आरोळी ठोकत आहेत असे वाटते. प्रत्यक्षात ते लिस्टन यांना उठून लढायला सांगत होते.

लायफर यांनी छताला मोठे फ्लॅश टांगले होते. एकदा चमकले की ते पुन्हा तयार व्हायला काही सेकंद लागत. म्हणजे संधी एकच. कॅमेरा रिंगणाच्या जमिनीलगत, म्हणून अली डोंगरासारखे दिसतात. मागे काळोख, नजर भरकटायला जागाच नाही. आणि अलींच्या दोन पायांमधून पलीकडच्या बाजूचा एक छायाचित्रकार दिसतो, हर्ब शार्फमन. तेही त्याच मासिकासाठी काम करणारे, अनुभवी. पण त्यांच्या वाट्याला अलींची पाठ आली. जागा नशिबाने मिळते, हे खरे. मात्र मिळालेला क्षण चुकला नाही, ते लायफर यांचे. त्या आठवड्यात मासिकाने हा फोटो मुखपृष्ठावर घेतलाही नव्हता.

तेव्हा मैदानात खाली बसा, मागे काय आहे ते आधी पाहा, आणि चेंडूमागे धावण्याऐवजी चेहऱ्याची वाट पाहा. झेल सुटल्यानंतरचा चेहरा झेलापेक्षा जास्त बोलतो.

हे सगळे आम्ही गेल्या हिवाळ्यात अंमलात आणले. भाच्याचा कबड्डीचा सामना होता. आम्ही मध्यरेषेजवळ जमिनीवर बैठक मारली. शेवटच्या चढाईत त्याचा घोटा पकडला गेला, अंगावर तिघे, आणि पुढे ताणलेली बोटे रेषेपासून वीतभर दूर. आयुष्यातला आमचा सर्वांत चांगला फोटो! कौतुकाच्या भरात तो खानदानाच्या ग्रुपवर टाकला. माशाअल्लाहचा पाऊस पडला. भाचा मात्र दोन दिवस आमच्याशी बोलला नाही. संघ त्या चढाईत हरला होता आणि त्याचे डोळे भरलेले स्पष्ट दिसत होते. आपाने सांगितल्यावर आम्ही फोटो काढून टाकला. तोवर तो कुठे कुठे पोचला होता, देव जाणे.

समजूत काढायला आम्ही त्याला अलींचा फोटो दाखवला. म्हटले, बघ, खेळात असे होतेच, त्यातूनच असे फोटो निघतात. त्याने बराच वेळ पाहिले. मग अलींवरून बोट खाली नेत विचारले, "मामू, हा खाली पडलाय तो कोण?"

आम्ही नाव सांगितले. म्हटले, त्या काळी भलेभले त्यांना घाबरत.

"मग त्यांना विचारलं होतं का कुणी, छापू का म्हणून?"

आपा चहा घेऊन आली, म्हणून आम्ही वाचलो.