मैत्रिणीसोबत परदेशी? आधी पॅन पाहा!
शुक्रवारी निघायचं, सोमवारी परत. मी आणि माझी जिवलग मैत्रीण कोलंबोचा बेत आखतोय. मुंबईहून विमानाने अडीच-पावणेतीन तास! ‘नवऱ्यांना न घेता?’ हा प्रश्न आलाच. कागदोपत्री मात्र वाट मोकळी झालीय. डिसेंबर २०१६ मध्ये पासपोर्टसाठी विवाह प्रमाणपत्राची अट गेली; २०१७ पासून टपाल कार्यालयांतही पासपोर्ट केंद्रं सुरू झाली.

खरी मेख पैशांत आहे. ऑक्टोबर २०२० पासून परदेशी सहलीच्या पॅकेजवर टीसीएस आकारला जातो. तो ज्याच्या पॅनवर, त्याच्याच नावे जमा. करपात्र उत्पन्न नसलं तरी तो परत मिळवायला विवरणपत्र भरावंच लागतं. तेव्हा मैत्रिणींनो, पॅन आणि बँकखातं नुसतं नावापुरतं नको. व्यवहारही आपणच करायला शिकूया!