गादीवरील लॅपटॉप

आपल्या पेढ्यांवर वह्यांची जागा लॅपटॉपने घेतली, तरी गादी-तक्क्याची बैठक पुष्कळ ठिकाणी अजून टिकून आहे. वही गादीवर ठेवली म्हणून तिचे काही बिघडत नसे. लॅपटॉपचे तसे नाही. बहुतेक लॅपटॉप तळाच्या जाळीतून थंड हवा आत घेतात आणि बाजूच्या किंवा मागच्या फटींतून गरम हवा बाहेर टाकतात. तळ मऊ गादीत रुतला की हा मार्ग बंद होतो. कापडाच्या दुकानातील तंतू, धान्याच्या दुकानातील भुसा आणि देव्हाऱ्याजवळची उदबत्तीची राख आत साचून तो आणखी अरुंद होतो.

आतील प्रोसेसरचे तापमान साधारण ९५ ते १०० अंश सेल्सियसपर्यंत गेले की तो स्वतःच वेग कमी करतो आणि तरीही उष्णता वाढली तर यंत्र बंद पडते. हा त्याचा बचाव आहे. परंतु जीएसटीआर-१ साठी ११ तारखेला किंवा जीएसटीआर-३बी साठी २० तारखेला धावपळ चालू असताना यंत्र अकस्मात बंद झाले, तर चालू नोंदी बिघडू शकतात.

साधू-साध्वींच्या पाच समितींमध्ये आदान-निक्षेपण समिती आहे. वस्तू उचलताना व ठेवताना जागा नीट पाहावी, ती हळुवार पुंजून घ्यावी, कोणत्याही जीवास पीडा होऊ देऊ नये, असा तिचा आशय. हे व्रत साधूंचे खरे. पण ही जयणा श्रावकाच्या पेढीवरही उपयोगी पडते.

लॅपटॉप नेहमी कठीण, सपाट पृष्ठभागावर ठेवावा. मुनीमजींचे जुने लाकडी मेज माळ्यावर पडून असेल, तर ते खाली काढावे. मागची कड थोडी उंच राहिली तर अधिक चांगले. उन्हात किंवा बंद कपाटात यंत्र चालू ठेवू नये. तापले म्हणून ओले फडके लावणे किंवा फ्रिजमध्ये ठेवणे घातक आहे, कारण आत दव साचते.

स्वच्छता करण्यापूर्वी यंत्र पूर्ण बंद करून चार्जर काढावा. उबेच्या आश्रयाने मुंग्या किंवा झुरळे आत शिरलेली असू शकतात. त्यामुळे घाईने हवेचा झोत मारू नये व कीटकनाशक तर मुळीच फवारू नये. यंत्र काही वेळ शांत जागी तिरके उभे ठेवावे, जीवांना निघून जाऊ द्यावे. मग मऊ ब्रशने फटी पुंजाव्यात. आतील पंखा साफ करणे व प्रोसेसरवरील सुकलेली थर्मल पेस्ट बदलणे जाणकार कारागिराकडून करून घ्यावे.

पंखा सतत घोंगावत असेल तर कंट्रोल, शिफ्ट व एस्केप ही बटणे एकत्र दाबावीत. विंडोजमध्ये टास्क मॅनेजर उघडतो आणि कोणता प्रोग्राम प्रोसेसरवर भार टाकतो आहे, ते दिसते. अनावश्यक प्रोग्राम बंद करणे हा यंत्रापुरता अपरिग्रहच होय.

एका लक्षणाकडे मात्र क्षणभरही दुर्लक्ष करू नये. टचपॅड वर उचलला गेला, तळ फुगला किंवा झाकण नीट मिटेनासे झाले, तर आतील लिथियम बॅटरी फुगली असण्याची शक्यता असते. अशी बॅटरी पेट घेऊ शकते. चार्जर त्वरित काढावा, यंत्र बंद करावे; बॅटरी दाबू किंवा टोचू नये. यंत्र कापड व कागदापासून दूर ठेवून दुरुस्ती केंद्राकडे न्यावे. काढलेली बॅटरी घरच्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा संकलनाकडे द्यावी.

शेवटी हिशोबाविषयी. जीएसटी कायद्यानुसार त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने हिशोब जपणे बंधनकारक आहे. इतका काळ एकाच तापणाऱ्या यंत्रावर विसंबणे उचित नव्हे. दर शनिवारी पेढी वाढवताना हिशोबाची एक प्रत वेगळ्या ड्राइव्हवर घ्यावी आणि ती ड्राइव्ह पेढीवर न ठेवता घरी न्यावी. दिवाळीच्या वहीपूजनात लॅपटॉपलाही कुंकू लावण्याचा प्रघात आता रूढ होत आहे. त्या दिवशी जुन्या वर्षाची प्रत उघडते की नाही, हेही एकदा पाहून घ्यावे.