अनुसूचीतल्या संस्था, अनुसूचित माणसं

केंद्रीय शैक्षणिक संस्था (प्रवेशातील आरक्षण) अधिनियम, २००६. आपल्यापैकी बहुतेकांनी हा कायदा वाचलेला नसतो, पण त्याच्या आधाराने आपण शिकलेलो असतो. अनुसूचित जातींना १५, जमातींना साडेसात आणि ओबीसींना २७ टक्के जागा केंद्राच्या संस्थांमध्ये या कायद्याने बांधून दिल्या. कायदा छोटा आहे. त्याच्या शेवटी एक अनुसूची आहे, आणि ती मी पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षापर्यंत पाहिलेली नव्हती.

अनुसूची म्हटलं की आपल्याला आपलीच आठवते. ही वेगळी आहे. कलम ४ म्हणतं की या अनुसूचीतल्या 'उत्कृष्टतेच्या, संशोधनाच्या, राष्ट्रीय व सामरिक महत्त्वाच्या' संस्थांना आरक्षण लागू नाही. नोंदी आठ. पहिली, होमी भाभा नॅशनल इन्स्टिट्यूट आणि तिच्या दहा घटक संस्था. त्या दहांत तुर्भ्याचं भाभा अणुसंशोधन केंद्र आहे, चेन्नईची गणिती विज्ञानाची संस्था आहे आणि परळचं टाटा मेमोरियल सेंटरही आहे. दुसरी, कुलाब्याची टीआयएफआर. पुढे बंगळुरूची जवाहरलाल नेहरू सेंटर, मानेसरची मेंदू संशोधन संस्था, अहमदाबादची फिजिकल रिसर्च लॅबोरेटरी, तिरुवनंतपुरमची स्पेस फिजिक्स लॅबोरेटरी. २०१९ साली शिक्षकांच्या भरतीतल्या आरक्षणाचा कायदा आला, तेव्हा हीच सूट त्यातही उतरली. म्हणजे विद्यार्थी म्हणून बंधन नाही आणि शिकवणारा म्हणूनही नाही.

साध्या भाषेत सांगायचं तर या देशात ताऱ्यांचा आणि कर्करोगाचा सगळ्यात वरच्या दर्जाचा अभ्यास ज्या काही घरांत होतो, त्यांतल्या मोठ्या घरांना कायद्यानेच आपल्यासाठी दार उघडं ठेवायची सक्ती केलेली नाही. ती दारं कुणी आपल्याच मनाने उघडी ठेवली तर ठेवली.

मी लखनऊत कर्करोगाच्या जीवशास्त्रात पीएच.डी. करते. गाव धाराशिव जिल्ह्यातलं, पूर्वीचं उस्मानाबाद. घरात मॅट्रिकच्या पुढे गेलेली मी पहिली. त्यामुळे 'अशा संस्थांत आपले लोक का नाहीत' हा प्रश्न मला भाषणासाठी पडत नाही, अर्ज भरताना पडतो.

आणि आपले लोक तिथे अजिबात नाहीत, असंही नाही. ते फार पूर्वीपासून आहेत. १९९९ साली आमच्याच जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा एक मोठा अभ्यास सुरू झाला. जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था, टाटा मेमोरियल आणि बार्शीचं नर्गिस दत्त हॉस्पिटल मिळून तो करत होते. गावांचे ५२ गट पाडले. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका घेतल्या. एका गटाची एचपीव्ही विषाणूची तपासणी, दुसऱ्याची पेशींची, तिसऱ्याची ॲसेटिक ॲसिड लावून डोळ्यांनी पाहायची. चौथ्या गटात ३१,४८८ बायका होत्या. त्यांना चालू आरोग्य व्यवस्थेवर सोडलं. आमच्याकडे तेव्हा चालू व्यवस्था म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको. निष्कर्ष २००९ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला. एचपीव्ही गटात या कर्करोगाने ३४ बायका गेल्या, चौथ्या गटात ६४.

या अभ्यासाने जगाचं धोरण बदलायला मदत केली. आज जागतिक आरोग्य संघटना एचपीव्ही तपासणीचाच आग्रह धरते, आणि त्यामागच्या भक्कम पुराव्यांपैकी एक आमच्या जिल्ह्यातल्या बायकांच्या शरीरातून आला आहे. चौथा गट तपासणीविना ठेवणं योग्य होतं का, यावर पुढे परदेशात आणि इथेही बराच वाद झाला. मला तो वाद महत्त्वाचा वाटतो, पण माझा मुद्दा त्याच्याही अलीकडचा आहे. त्या सव्वा लाखांत मजुरी करणाऱ्या, शेतावर जाणाऱ्या, गावकुसाबाहेरच्या किती बायका असतील याचा अंदाज मराठवाड्यात राहिलेल्या कुणालाही बांधता येईल. त्यांच्या लेकींपैकी एकीला उद्या त्याच संस्थेत, त्याच विषयात संशोधन करायचं असेल तर तिच्यासाठी एकही जागा राखून ठेवायला कायदा सांगत नाही. नमुना म्हणून आईला घ्यायला मात्र अनुसूची आड आली नाही.

खगोलशास्त्राचंही फार वेगळं नाही. जुन्नर तालुक्यात खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश. पुण्याची एनसीआरए ती चालवते, आणि एनसीआरए टीआयएफआरचाच भाग. दर २८ फेब्रुवारीला, विज्ञानदिनी, तिथे पंचक्रोशीतल्या शाळांची मुलं एसटीने, टेम्पोने येतात आणि डिशकडे मान वर करून बघतात. फार चांगला उपक्रम आहे, बंद पडू नये. पण जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या मुलाने वर्षातून एक दिवस मान वर करायची आणि बाकीचे दिवस त्या डिशमधून येणाऱ्या आकड्यांवर हक्क दुसऱ्याच घरातल्या मुलांचा, हे चित्र कुणाला खटकतं का?

यावरचं ठरलेलं उत्तर तुम्हालाही पाठ असेल. मूलभूत विज्ञानाला गुणवत्ता लागते. या वाक्याला मी लखनऊचं उत्तर देते. या एका शहरात सीएसआयआरच्या चार प्रयोगशाळा आहेत: औषधांची सीडीआरआय, वनस्पतींची एनबीआरआय, औषधी व सुगंधी वनस्पतींची सीमॅप आणि विषशास्त्राची आयआयटीआर. यातली एकही त्या अनुसूचीत नाही. सीडीआरआय १९५१ साली गोमतीकाठच्या छतर मंझिलमध्ये सुरू झाली. 'सहेली' ही आठवड्याला घ्यायची गर्भनिरोधक गोळी तिथलीच, आणि तिच्यातल्या औषधाचा स्तनाच्या कर्करोगावर पुढे अभ्यास झाला. कर्करोगाचं जीवशास्त्र हा तिथे नेहमीचा विषय आहे. रायबरेली रोडला बाबासाहेब भीमराव आंबेडकर विद्यापीठ आहे, १९९६ पासून. तिथे प्रवेशाच्या निम्म्या जागा अनुसूचित जाती-जमातींच्या. या शहरात आरक्षणाने आलेली मुलं पेशी वाढवतात, जीन कापतात, पेपर लिहितात. अजून तरी गोमती उलटी वाहायला लागलेली नाही.

(कायद्याने बंधन आहे म्हणून सगळं सुरळीत आहे, असं कुणी समजू नये. 'नेचर'ने जानेवारी २०२३ मध्ये माहिती अधिकारातल्या आकड्यांवरून दाखवलं की पाच आघाडीच्या आयआयटींत ९८ टक्के प्रोफेसर वरच्या जातींचे आहेत. आणि आयआयटी अनुसूचीत नाहीत.)

दुसरं उत्तर मेघनाद साहांचं. ते दुकानदाराच्या घरातले, शुंडी जातीचे. शिक्षणासाठी ज्या घरी राहिले तिथे स्वतःचं ताट स्वतः धुवायची अट होती. १९०५ मध्ये फाळणीविरोधी आंदोलनात ढाक्याच्या शाळेतून काढले गेले, शिष्यवृत्ती गेली. कलकत्त्याच्या ईडन हिंदू हॉस्टेलमध्ये बरोबरची मुलं त्यांच्या पंगतीला बसायला तयार नव्हती. १९२० मध्ये याच माणसाने आयनीभवनाचं समीकरण मांडलं आणि ताऱ्याच्या प्रकाशावरून त्याचं तापमान कसं ओळखायचं हे जगाला कळलं. पुढे १९२३ ते १९३८ ते आपल्या या उत्तर प्रदेशात, अलाहाबादला शिकवत होते. आभा सूर यांनी 'डिस्पर्स्ड रेडियन्स' या पुस्तकात भारतीय विज्ञानातली जात साहांच्या निमित्ताने नीट उलगडली आहे. ग्रंथालयात मिळालं तर जरूर वाचा. साहांचं नाव सांगितलं की लोक लगेच म्हणतात, बघा, गुणवत्ता असली की माणूस वर येतोच. मला त्यातून उलटं दिसतं. पंगतीतून उठवलेल्या किती मुलांचं समीकरण कागदावर आलंच नसेल?

संशोधक कोण आहे यावर प्रश्न कोणता विचारला जातो, हेही ठरतं. माझा मामा धारावीत चामड्याच्या बॅगा शिवतो, तीसएक वर्षं झाली. चामड्याची धूळ हा पहिल्या गटातला, म्हणजे माणसात कर्करोग होतो असं सिद्ध झालेला पदार्थ आहे. त्याच गटात तंबाखू आणि ॲस्बेस्टॉस आहेत. या धुळीने नाकाच्या पोकळीचा आणि सायनसचा कर्करोग होतो. हा पुरावा मुख्यतः आला इंग्लंडमधल्या नॉर्दॅम्प्टनशायरच्या आणि इटलीच्या बूट कारखान्यांतून, तिथल्या कामगारांच्या नोंदींतून. आग्र्यात घराघरांत जोडे शिवले जातात, लखनऊहून ते एका एक्स्प्रेसवेच्या अंतरावर आहे. ते हात बहुतेक जाटवांचे आणि मुसलमानांचे. एका प्रयोगशाळेतल्या बैठकीत मी हा विषय मांडला होता. एक वरिष्ठ हसून म्हणाले, "ये साइंस नहीं, सोशल वर्क है." मी गप्प बसले नाही, वाद घातला, पण विषय मिळाला नाही. त्यांच्या मनात जात होती का, मला माहीत नाही. त्यांच्या मामांपैकी कुणी बॅगा शिवत नसावा, एवढं नक्की.

आता तिसऱ्या क्षेत्राकडे येते, जिथे आपली मुलं भरपूर आहेत: मोबाइल. तिथे अनुसूची नाही आणि गाइडची सहीही लागत नाही. २० मार्च २०१८ ला ॲट्रॉसिटी कायदा सैल करणारा निकाल आला आणि २ एप्रिलचा भारत बंद मोठ्या पक्षांच्या आधी व्हॉट्सॲपवर आणि फेसबुकवर ठरला. त्यात आपली माणसं मारली गेली. ऑगस्टमध्ये संसदेला कायदा दुरुस्त करावा लागला. हाथरसच्या वेळी, २०२० मध्ये, रात्री चिता पेटवली गेली हे देशाने मोबाइलवरच पाहिलं.

रोहित वेमुलाची गोष्ट तर या तिन्ही क्षेत्रांतून जाते. तो जीवशास्त्राचा विद्यार्थी, नंतर विज्ञान, तंत्रज्ञान आणि समाज या विषयाकडे वळलेला. त्याला कार्ल सेगनसारखं विज्ञानावर लिहायचं होतं, ताऱ्यांवर प्रेम होतं. फेलोशिपचे सात महिन्यांचे १ लाख ७५ हजार रुपये थकले होते. १७ जानेवारी २०१६ नंतर त्याचं पत्र ज्या वेगाने फोनवरून फोनवर गेलं, त्या वेगाने कुठलाही प्रबंध गेलेला नाही. पाचच दिवसांनी, २२ जानेवारीला, लखनऊच्या आंबेडकर विद्यापीठात पंतप्रधान दीक्षान्त समारंभाला आले. विद्यार्थी उभे राहिले आणि त्याच्या नावाच्या घोषणा दिल्या. त्यांना सभागृहाबाहेर काढलं, पण पंतप्रधानांना त्या भाषणात रोहितचं नाव घ्यावं लागलं. सभागृहातली ती हिंमत फोनवर पाच दिवस तापत होती, असं मला वाटतं.

म्हणून आपल्यातल्या प्राध्यापक मंडळींनी 'मुलं नुसती पोस्टी टाकतात' असं हिणवलं की मला राग येतो. पण माझी तक्रार दुसऱ्या बाजूनेही आहे. माझी एक मैत्रीण इथेच दुसऱ्या विद्यापीठात सोशल मीडियावरच्या जातविरोधी चळवळीवर पीएच.डी. करते. तिचं निम्मं साहित्य गायब आहे. अकाउंटं बंद झाली, पोस्टी उडाल्या. संशोधकांना ट्विटरचा डेटा मोफत मिळायचा तो २०२३ मध्ये बंद झाला, आता त्यासाठी जे पैसे मागतात ते तिच्या फेलोशिपमध्ये बसत नाहीत. आपण आपली सगळी चळवळ दुसऱ्याच्या वाड्याच्या भिंतीवर लिहितो आहोत, आणि भिंत पुसायचा हक्क मालकाचा. शिवाय त्या लिखाणाला पदवी नाही, पगार नाही. त्यावर पेपर लिहून पदवी घेणारे बहुतेक वेळा दुसरेच असतात.

आणखी एक गोष्ट मला काळजीची वाटते. आपली हुशार मुलं एम.एस्सी. संपवून विचारतात, 'ताई, समाजासाठी काही करायचंय, सायन्स सोडून सोशल वर्कला जाऊ का?' जायचं असेल तर जा, ते कामही मोठं आहे. पण सायन्स म्हणजे त्यांचं आणि समाज म्हणजे आपलं, ही वाटणी आपण कधी मान्य केली? बार्टीच्या फेलोशिपसाठी आपल्या संशोधकांना आझाद मैदानात बसावं लागलं. तिथे बसलेल्यांत रसायनशास्त्रवाले होते तर ते समाजाचंच काम करत होते, आणि परत जाऊन प्रयोगशाळेत उभे राहिले तर तेही समाजाचंच काम आहे.

त्या अनुसूचीबद्दल एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत आहे. ती बदलायला संसदेत नवा कायदा आणावा लागत नाही. कलम ४ मध्येच लिहिलं आहे की केंद्र सरकार राजपत्रात अधिसूचना काढून अनुसूचीत बदल करू शकतं. एक सही पुरते. इतक्या वर्षांत आपले किती खासदार निवडून गेले, त्यातल्या कुणाला ही सही मागावीशी वाटली, हे त्यांना विचारायला हवं. पुढच्या वेळी खासदार जयंतीच्या मिरवणुकीत भेटले की हार घालताना विचारा.

तोवर माहिती अधिकार आहे. यातली एकेक संस्था घ्या आणि तीन गोष्टी मागा: गेल्या दहा वर्षांत पीएच.डी.ला घेतलेल्यांची प्रवर्गनिहाय संख्या, अध्यापकांची प्रवर्गनिहाय संख्या, आणि सूट कशाच्या आधारावर हवी याबद्दल संस्थेने मंत्रालयाला काही लिहिलं असेल तर त्याची प्रत. मी टीआयएफआर आणि टाटा मेमोरियलसाठी अर्ज लिहून ठेवले आहेत. उरलेल्या नोंदी तुम्ही वाटून घ्या. फी दहा रुपये आहे आणि उत्तर तीस दिवसांत द्यावं लागतं.